तास वाढवून टन वाढत नाहीत

देशाची उत्पादकता कमी आहे, तेव्हा तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं, असं इन्फोसिसचे नारायण मूर्ती ऑक्टोबर 2023 मध्ये म्हणाले. तेव्हापासून ही चर्चा तासांभोवतीच फिरते आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात तासांची कमतरता कधीच नव्हती. पाथर्डी-शेवगावची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास फडात उतरली, की 70 तास भरायला तिला आठवडाही लागत नाही.

अंधार असतानाच तोड सुरू होते. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो, बायको वाढे छाटते, मोळ्या बांधते. मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. गाडी रात्री दोनला आली तर भरणीही रात्री दोनला. बैलगाडीवाल्याला पुढे वजनकाट्यापाशी नंबर लागेपर्यंत ताटकळावं लागतं. मजुरी टनावर, त्यामुळे या थांबण्याचा पैसा कुणीच देत नाही. तोडलेला ऊस मात्र उभ्या गाडीत वाळतो, त्याचं वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणजे शेतकरी आणि कारखानाही यात बुडतातच.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. ती हवीच होती. पण दर वाढल्याने मजुरांच्या कोपीपाशी पाणी येत नाही, की रात्रीची झोप मिळत नाही. आणि दमलेल्या अंगाने टन वाढत नाहीत.

बाईचं तर हिशेबात नावच नसतं. जोडपं मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या नावावर. ती आजारी पडली की खाडा लागतो. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आलं, की तपासलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हे त्यामागचं एक कारण बायकांनीच सांगितलं. माणूस असा झिजवून मिळवलेल्या टनाला मी उत्पादकता म्हणणार नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेला ऊस पिकवणाऱ्याला कारखान्याचा मालक केलं. ऊस तोडणारा आजही मुकादमाचाच माणूस आहे, कारखान्याच्या हजेरीपटावर तो नाही. निदान तोडणी-वाहतुकीच्या करारात तरी दोन कलमं यावीत: एक, गाडीला काट्यावरची वेळ नेमून द्यायची, त्यापुढे थांबावं लागलं तर भरपाई; दुसरं, बाईची मजुरी तिच्याच बँक खात्यात. संचालक मंडळांनी हे हंगामाची मोळी टाकण्याआधी ठरवावं.