किनारा दिसेनासा झाल्यावर



व्यापारी घराण्यांत सुट्टी घेतली जात नाही, ती काढावी लागते. आणि काढल्यावरही ती खिशातल्या फोनमधून दुकानाशी बांधलेली असते. लग्नकार्यात मांडवाच्या कडेला उभे राहून भाव विचारणारे, तीर्थयात्रेत डोंगर चढताना उधारीचा तगादा लावणारे कितीतरी खातेदार मी नोकरीच्या काळात पाहिले. म्हणूनच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबई ते गोवा असा समुद्रप्रवास ठरला, तेव्हा जहाजापेक्षा बरोबरच्या मंडळींविषयी मला अधिक कुतूहल होते.

आम्ही एकूण नऊजण होतो. आम्ही उभयता, मुलगा, सून, नात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या थोरल्या भगिनी अक्का, आणि सांगलीचे स्नेही अण्णा, त्यांच्या पत्नी व धाकटी कन्या. अण्णांची हळदीची अडत तीन पिढ्यांची. पस्तिशीचा मुलगा अकरा वर्षे पेढीवर बसतो, भागीदारही आहे. पण धनादेशावर सही अण्णांचीच चालते आणि सौद्याला होकारही त्यांचाच लागतो. नव्या हळदीची आवक सुरू व्हायला अवकाश होता, म्हणूनच ते निघाले. तरीही गाडीत बसताना त्यांनी मुलाला सांगितले, "काही असलं तरी फोन कर. मी आहेच."

बॅलार्ड पिअर हे मुंबईतील आगबोटींच्या प्रवासाचे जुने ठिकाण. विलायतेची टपाल आणि उतारू येथेच उतरत, आणि १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल येथील मोल स्थानकावरून थेट पेशावरकडे निघे. आज तेथे विमानतळासारखीच तपासणी होते. ओळखपत्र दाखवायचे, सामानावर खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून ते स्वाधीन करायचे आणि छायाचित्र काढून प्रत्येकाने आपले कार्ड घ्यायचे. हेच कार्ड खोलीची किल्ली आणि हेच पाकीट. जहाजावर रोख व्यवहार नाही. जे घ्याल ते कार्डावर चढते आणि शेवटी एकत्र हिशेब होतो. जेवण भाड्यात धरलेले असते, परंतु पुष्कळ गोष्टी धरलेल्या नसतात. म्हणून मुलांच्या कार्डावरील खर्चाची मर्यादा पहिल्याच तासाला ठरवून घ्यावी, असे या जुन्या बँकवाल्याचे सांगणे आहे. जहाजावर मद्य आहे, कॅसिनोही आहे. तिकडे जायचे की नाही, हे ज्याने त्याने घरूनच ठरवून यावे.

सामान खोलीत पोहोचायला वेळ लागतो. तेव्हा औषधे, चष्मा, सामायिकाचे आसन आणि एक जोड कपडे हातातील पिशवीतच ठेवावेत. अक्कांनी हे सारे ठेवले होते, शिवाय माळ आणि उकळलेल्या पाण्यासाठी थर्मासही.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून सुरक्षेची कवायत होते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे संकटाची सूचना. ती ऐकताच कोणत्या ठिकाणी जमायचे आणि जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, हे दाखवले जाते. तरुण मंडळी हसत होती. त्यांना मी कोस्टा कॉनकॉर्डियाची हकीकत सांगितली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ते जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांचा बळी गेला. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. या दुर्घटनेनंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच कवायत घेणे बंधनकारक झाले. विम्याचा हप्ता भरताना जी सावधगिरी आपण दाखवतो, तीच येथे अर्धा तास दाखवायची. नातीने मग अक्कांच्या जाकिटाचे बंद स्वतः बांधून पाहिले.

चारच्या सुमारास जहाज हलले, आणि हलले हे आम्हाला कळले ते धक्क्यावरील माणसे लहान होऊ लागल्यावर. सर्वजण वरच्या डेकवर होते. बंदरातून जहाज बाहेर काढताना स्थानिक पाण्याचा जाणकार, ज्याला पायलट म्हणतात, कप्तानाच्या शेजारी उभा असतो. जहाजाची जबाबदारी कप्तानाकडेच राहते. पायलट वाट दाखवतो. कुलाब्याचे टोक मागे पडल्यावर एक छोटी बोट आमच्या जहाजाला येऊन भिडली. जहाजाच्या कुशीतील दारातून दोराची शिडी खाली सुटली, एक गृहस्थ तीवरून शांतपणे उतरले आणि ती बोट वळून मुंबईकडे निघूनही गेली.

अण्णा चकित झाले. जवळच्या खलाशाला त्यांनी विचारले, "आता तर खोल पाणी लागेल. वाट दाखवणारा इथंच सोडून चालला?"

तो रत्नागिरीकडचा तरुण हसून म्हणाला, "साहेब, पायलट उथळ पाण्यात लागतो. खोल पाण्यात जहाजाला धोका कमीच."

अण्णा बराच वेळ त्या लहान होत जाणाऱ्या बोटीकडे पाहत राहिले.

पाच वाजता आमच्यासाठी जेवण मांडले होते. डिसेंबरात मुंबईकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि जहाजावरील रात्रीचे जेवण सातनंतर. अक्कांचा चौविहार, म्हणून आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवले होते आणि चढल्याबरोबर भोजनगृहाच्या प्रमुखांना पुन्हा भेटलो होतो. हे दोनदा करणे आवश्यक आहे; कागदावरची नोंद स्वयंपाकघरात पोहोचतेच असे नाही. कच्च्या केळ्याची भाजी, दुधी, मुगाचे वरण, फुलके, भात. कंदमूळ नाही, कांदा-लसूण नाही. अक्कांनी आचाऱ्याला बोलावून भांडी वेगळी आहेत का, हे विचारले. तो राजस्थानचा निघाला. "माझी आईही सूर्यास्तानंतर जेवत नाही, माँजी," एवढेच तो म्हणाला आणि अक्कांनी ताट पुढे ओढले.

१८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरींना आले, तेव्हा साधूंच्या आचारामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. त्यांच्या वतीने २९ वर्षांचे वीरचंद राघवजी गांधी समुद्र ओलांडून गेले. त्या काळी समुद्रगमनाला समाजातून विरोध होई. आज आपल्या घरातील आजी समुद्रावर बसून चौविहार पाळते. नियम तोच राहिला. तो जेथे पाळता येतो, त्या जागा वाढल्या.

पाणी पिऊन अक्कांनी पच्चक्खाण घेतले आणि आम्ही पुन्हा वर आलो. सूर्य पाण्याला टेकला होता. डावीकडे दूर खंडेरीचा अंधुक आकार होता. १६७९ साली शिवछत्रपतींनी हा जलदुर्ग बांधायला घेतला. त्यावरील दीपगृह १८६७ सालचे. अंधार पडताच त्याचा झोत फिरू लागला आणि नात चमक मोजत बसली.

त्याच वेळी अण्णांच्या फोनवर मुलाचा निरोप आला. पन्नास पोत्यांना गिऱ्हाईक आले आहे, भाव बरा आहे, धरू की सोडू? अण्णा उत्तर लिहू लागले आणि ते पूर्ण होण्याआधीच संपर्क तुटला. ते या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फोन उंच धरून फिरले. जहाजावर उपग्रहामार्गे इंटरनेट विकत मिळते. ते काउंटरकडे निघाले, तेव्हा वहिनी काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या त्या अक्का.

"अण्णा, तुझ्या वडिलांनी तुला पहिला सौदा कधी करू दिला?"

अण्णा थांबले. "ते आजारी पडले तेव्हा. मी बेचाळीसचा होतो."

"म्हणजे तू होऊन घेतला नाहीस. त्यांना देववला नाही, तो आजारानं दिला," अक्का म्हणाल्या. "तू तरी धडधाकट असताना दे."

अण्णांनी उत्तर दिले नाही. पण ते काउंटरवर गेले नाहीत. कार्यक्रम सुरू झाले, संगीत वाजू लागले. ते मात्र माझ्याशेजारी अंधारात बसून होते. दर दहा मिनिटांनी हात खिशाकडे जाई आणि परत येई. अकराच्या सुमारास त्यांनी फोन बंद करून वहिनींच्या पर्समध्ये टाकला. वहिनींनी पर्सची साखळी ओढली, तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

सकाळी गोव्याचा किनारा दिसताच फोन जिवंत झाला. मुलाने तीस पोती सोडली होती आणि वीस धरून ठेवली होती. हे बरोबर की चूक, हे बाजार ठरवील. अण्णांनी निरोप दोनदा वाचला आणि मला विचारले, "बँकेत दुसऱ्याची सही चालू करायला काय काय लागतं हो?"

त्यांना जे सांगितले, तेच वाचकांसाठी येथे लिहितो. भागीदारी पेढी असेल तर खाते कोणी चालवायचे, याचे पत्र सर्व भागीदारांच्या सहीने बँकेला द्यावे लागते. "दोघांपैकी कोणीही एक" असा अधिकार देता येतो. धाकधूक वाटत असेल तर ठरावीक रकमेपर्यंत एकाची सही आणि त्यावर दोघांची, अशी पायरीही ठेवता येते. वर्षभराने ती रक्कम वाढवावी. हे काम घरातील वडीलधारी व्यक्ती स्वतःच्या पायांनी बँकेत जाऊ शकते तोवर करावे. रुग्णशय्येवरच्या थरथरत्या सह्या जुळवताना किती पेढ्यांचे व्यवहार अडकले आणि भावाभावांत किती वितुष्ट आले, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे.

समुद्रप्रवास सर्वांनाच परवडेल वा रुचेल असे नाही. पण आपल्यावाचून पेढी एक रात्र चालते की नाही, हे पाहण्यासाठी जहाजच हवे असेही नाही. येत्या रविवारी फोन घरी ठेवून मंदिरात जाऊन पाहावे.