अंगात येतं म्हणजे काय होतं?

परवा आर्णीत आमच्या ओसरीवर नातवानं मोबाइलवर 'कांचना' लावला. तमिळ सिनेमा, २०११ सालचा. भुताच्या भीतीनं रात्री आईचा पदर न सोडणारा राघव लॉरेन्स, आणि नेमकं त्याच्याच अंगात भूत शिरतं! भाषा कळेना, पण आम्ही पोट धरून हसलो. आपल्या महेश कोठाऱ्यांचा १९९३ चा 'झपाटलेला' आठवला. रामदास पाध्यांचा तो बाहुला, त्यातला तात्या विंचू आणि लक्ष्याची तारांबळ!

पण 'कांचना'तलं भूत नुसतं भिववत नाही, बरं का. ती कांचना तृतीयपंथी. जमिनीपायी तिचा खून झालेला. जिवंतपणी तिचं कुणी ऐकलं नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या तोंडून बोलते.

इथं माझं हसू थांबलं. मागं आमच्या ओळखीतल्या एका सुनेच्या अंगात यायचं. घरच्यांनी काय करावं? मिरच्यांची धुरी दिली, वेताचे फटके दिले. तुला काय होतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी भावानं यवतमाळला डॉक्टरकडं नेली. मिरगी निघाली. रोजच्या गोळ्यांनी झटके थांबले.

भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद.

ती पोर अजूनही मिरच्या भाजायला घेतल्या की ओसरीवर येऊन बसते.