सोडले, सुटले की सोडायला लावले?

‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. पण दोन्ही एकत्र आले की ‘वर देणे’ असा अर्थ होत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. अशी जोडक्रियापदे आली की मुले बिचकतात आणि अम्मीही पुस्तक बाजूला सारते. खरे तर हा प्रकार आपल्या घरातलाच आहे. मराठीत ‘खाणे’ वेगळे, ‘खाऊन टाकणे’ वेगळे. उर्दूत ‘छोडना’ आणि ‘छोड देना’. दुसरे क्रियापद जोडले की काम पुरते झाल्याचे कळते. इंग्रजी हे काम पुष्कळदा ‘अप’कडून करून घेते. ‘ईट’ म्हणजे खा. ‘ईट अप’ म्हणजे ताटातले सगळे संपव.

वापराचे दोन नियम लक्षात ठेवा. ‘गिव्ह अप’नंतर क्रियापद आले तर त्याला ‘आयएनजी’ लागतो. तंबाखू ओढणे सोडले, तर ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’. ‘टू स्मोक’ नव्हे. दुसरा नियम तुमच्या स्वयंपाकघरातून गेलेला आहे. सधन कुटुंबांनी गॅस सिलिंडरवरचे अनुदान आपणहून सोडावे, असे आवाहन केंद्र सरकारने 2015 मध्ये केले. मोहिमेचे नाव होते ‘गिव्ह इट अप’. ‘इट’सारखे सर्वनाम असे मध्येच बसते. ‘गिव्ह अप इट’ म्हणत नाहीत.

रोजच्या बोलण्यात हा शब्द अनेक ठिकाणी येतो. बसमध्ये वृद्धांसाठी आपली जागा सोडली, तरी ‘गिव्ह अप’. 1936 मध्ये इंग्लंडचे राजे आठवे एडवर्ड यांनी गादी सोडली, तेही ‘गिव्ह अप’. कोडे सुटेना, तर मूल म्हणते, ‘आय गिव्ह अप’. म्हणजे हरलो, आता तूच सांग.

आता जरा नाजूक वाक्य घेऊ. दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीविषयी निबंधात लिहिलेले असते, ‘शी गेव्ह अप हर स्टडीज.’ व्याकरण अचूक आहे. पण या वाक्याचा अर्थ, तिने स्वतःच्या मर्जीने शिक्षण सोडले, असा होतो. मराठीत आपण ‘शिक्षण सोडले’ आणि ‘शिक्षण सुटले’ यांत फरक करतो. उर्दूतही ‘छोडना’ निराळे, ‘छूटना’ निराळे. ‘गिव्ह अप’मध्ये हे ‘सुटणे’ नाही. जो कर्त्याच्या जागी उभा, त्यानेच सोडले असे ते सांगते.

मग खरे कसे लिहायचे? परिस्थितीमुळे सोडावे लागले असेल, तर ‘शी हॅड टू गिव्ह अप हर स्टडीज.’ घरच्यांनी सोडायला लावले असेल, तर ‘दे मेड हर गिव्ह अप हर स्टडीज.’ दोन-तीन शब्दांचाच फरक, पण पहिल्या वाक्यात सारा बोजा मुलीवर पडतो, शेवटच्यात तो जिथला तिथे जातो. लग्नाच्या बोलणीत ‘तिनेच सोडलं’ असे सहज सांगितले जाते. ते ऐकताना ही तीन वाक्ये आठवावीत.

शेवटी एक छोटी भर. ‘गिव्ह अप’ला ‘ऑन’ जोडून पुढे माणूस आणला, की अर्थ होतो त्या माणसाविषयीची आशा सोडणे. ‘डोन्ट गिव्ह अप ऑन हर’ म्हणजे तिच्याबद्दल निराश होऊ नका. तशी गरजही नाही. नियमित शाळा सुटलेल्यांना दहावी-बारावीची परीक्षा बाहेरून देता यावी, म्हणून आपल्या राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आहे. जवळच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी करा.

या महिन्याचा अभ्यास: आपल्या घरातल्या, शिक्षण अर्धवट राहिलेल्या एका बाईला विचारा, नेमके काय झाले होते? मग तिन्हींपैकी तिचे वाक्य कोणते, ते तिलाच निवडू द्या.