लकवा आणि हातातले तास

घरात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, की कुणीतरी म्हणतेच, "तेल चोळा, सकाळी बघू." ही सकाळ आपल्याला फार महाग पडते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा काही दिसत नाही. यातून वाट काढली ती फ्रान्सच्या डेनी ल बिआं यांच्या संशोधनाने. ते डॉक्टर आहेत आणि भौतिकशास्त्रज्ञही. शरीरातले पाण्याचे कण सतत हलत असतात. ही हालचाल एमआरआयच्या चित्रात टिपण्याची पद्धत त्यांनी १९८५ मध्ये मांडली. रक्त मिळेनासे झाले की मेंदूच्या पेशी फुगतात, पाण्याची हालचाल अडते आणि तेवढा भाग चित्रात पांढराशुभ्र उमटतो. तोही काही मिनिटांतच.

पण यंत्राने मिनिटे वाचवली आणि आपण घरी तास घालवले, तर उपयोग काय? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरते, म्हणून आधी स्कॅन लागतो. रक्तस्राव सीटीतही दिसतो. डॉक्टरांनी सीटी पुरे म्हटले तर आपण एमआरआयचा हट्ट धरू नये.

लक्षण दिसताच घड्याळ पाहावे, वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करावा. अब्बा, अम्मी "आता बरे वाटते" म्हणाले तरी थांबू नये.