झोंबी, टँकर आणि पझेशन

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये टीममधल्या नव्या पोराने विचारलं, "दादा, तो प्रोजेक्ट झॉम्बॉइड घेऊ का? दहा वर्षांच्या वर झाली म्हणे, पण अजून अर्ली अ‍ॅक्सेसमध्येच आहे. पूर्ण झाल्यावर घेतलेला बरा ना?"

मी म्हटलं, "अरे, तू खराडीत फ्लॅट बघतोयस ना? मग दोन्ही प्रश्न एकच आहेत."

त्याला काही झेपलं नाही. चहा संपेपर्यंत जे समजावलं तेच आज जरा फुरसतीत लिहितोय. शनिवार आहे, बायको माहेरी गेलीये, आणि सोसायटीत पाण्याचा टँकर अजून यायचाय. म्हणजे वेळच वेळ :-)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीम नावाचं गेम्सचं ऑनलाईन दुकान आहे. त्यांनी मार्च २०१३ मध्ये 'अर्ली अ‍ॅक्सेस' सुरू केलं. गेम अर्धवट असतानाच तुम्ही पैसे भरायचे, आहे तसा खेळायचा, आणि बाकीचा होईल तसा मिळत राहील. प्रोजेक्ट झॉम्बॉइड हा 'द इंडी स्टोन' ह्या छोट्या ब्रिटिश कंपनीचा गेम. लोकांच्या हातात तो २०११ पासूनच होता, स्टीमवर आला नोव्हेंबर २०१३ मध्ये.

आता नदीकाठच्या रस्त्याने एक चक्कर मारा. एऑन आयटी पार्कच्या आसपास निम्म्या खराडीने घरं घेतली ती अशीच. खड्डा खणलेला, चार पिलर वर आलेले, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी चालू, आणि ब्रोशरमध्ये निळाशार स्विमिंग पूल. मी २०१६ साली बुकिंग केलं. पझेशन डिसेंबर २०१८ असं सांगितलं होतं, चावी मिळाली २०२१ मध्ये. बिल्डरचं नाव घेत नाही, तुमच्याही बिल्डरची गोष्ट फार वेगळी नसेल. त्याच २०१६ मध्ये एका सेलमध्ये मी झॉम्बॉइडही घेतला. म्हणजे एका वर्षात दोन अर्धवट वस्तू. एकीचा हप्ता अजून चालू आहे.

तर मुद्द्यावर येतो.

जमेच्या बाजू

गेम घडतो १९९३ च्या जुलैत, अमेरिकेतल्या केंटकीत. वरून तिरक्या कोनातून दिसणारी गावं, साधी घरं, आणि झोंबीच झोंबी. सुरुवातीलाच गेम सांगून टाकतो की तुम्ही मरणार आहात, आता बघायचं फक्त कसं ते. जिंकणं हा प्रकारच नाही. झोंबी चावला की जवळजवळ संपलंच. मग त्याच जगात नवा माणूस घेऊन यायचं, आणि कधी कधी आपलाच जुना माणूस झोंबी होऊन समोर येतो. पाठीवर आपलीच बॅग! पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी खरोखर दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून बसलो होतो.

पण ह्या गेमची खरी ताकद मारामारीत नाही, घरकामात आहे. साधारण पहिल्या महिन्याभरात कधीतरी लाईट जाते आणि पाणी जातं. नक्की कोणत्या दिवशी ते कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून बादल्या, पातेली, बाटल्या, दिसेल ते भांडं भरून ठेवायचं. माझी आई सोलापूरची. नळाला पाणी आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवणारी. ती हा गेम खेळली असती तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त जगली असती. फ्रीजमधलं आधी संपवा, डबाबंद नंतर, पावसाचं पाणी पिंपात धरा... हे सगळं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. जनरेटर मिळाला तरी तो चालवायचा कसा हे सांगणारं मासिक आधी शोधून वाचावं लागतं, आणि तो घराच्या आत लावला तर धुराने तुम्हीच मरता. खराडीतल्या सोसायटी कमिटीवर काम केलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल.

शिवाय प्रत्येक गोष्ट बदलता येते. झोंबी किती, धावणारे की रखडणारे, पाणी कधी जाणार, सगळं आपण ठरवायचं. आणि लुआ येत असेल तर स्वतःचे मॉड लिहायचे. लोकांनी लिहिलेले हजारो मॉड फुकट मिळतात. प्रोग्रॅमर माणसासाठी हे म्हणजे कुलूप न लावलेलं कोठार.

वजा बाजू

पहिली, गेम शिकवत काही नाही. राईट क्लिक केलं की मेनू, त्यात मेनू, त्यात अजून मेनू. पहिले चार-पाच तास नुसते मरण्यात आणि यूट्यूब बघण्यात जातात.

दुसरी, वेग. बिल्ड ४१ ची चाचणी आवृत्ती २०१९ मध्ये आली, पक्की आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये. त्यानंतर बिल्ड ४२ ची चाचणी आवृत्ती आली डिसेंबर २०२४ मध्ये. मध्ये तीन वर्षं! तीही आली तेव्हा मल्टिप्लेअर शिवाय. तळघरं आली, गाई-मेंढ्या-कोंबड्या आल्या, मडकी आणि लोहारकाम आलं, प्रकाश सुंदर झाला. पण जुने सेव्ह चालेनात आणि आवडते मॉड बंद पडले. चालत्या सिस्टिममध्ये डेटाबेसचा स्कीमा बदलला की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तिसरी आणि सर्वात मोठी, माणसं. एकट्याने खेळताना एकदा घर पक्कं झालं, शेत लागलं, पाणी साठलं, की पुढे करायला काही उरत नाही. जगात फक्त तुम्ही आणि मेलेले. जिवंत माणसं, म्हणजे संगणकाने चालवलेली बोलणारी, भांडणारी, दगा देणारी पात्रं, अगदी सुरुवातीच्या आवृत्त्यांत थोडीफार होती. मग काढून टाकली, आणि "पुढे येतील" म्हणून सांगितलं. वर्षं उलटली, हे लिहीपर्यंत तरी आलेली नाहीत.

आणि इथे मला वाटतं सगळ्या झोंबी गेम्सचं गुपित आहे. झोंबी लिहायला सोपा असतो. आवाज आला की तिकडे जा, माणूस दिसला की धर. तो चुकीचा वागला तरी चालतं, तो झोंबीच आहे! म्हणून छोट्या कंपन्यांना झोंबी परवडतो. जिवंत माणूस लिहिणं महाकठीण. त्याला भूक हवी, भीती हवी, हेतू हवा, आणि तो भिंतीत अडकून चालत राहिला तर लोक हसतात. त्यामुळे सोपा भाग पहिल्या वर्षी विकला जातो आणि अवघड भाग कायम पुढच्या बिल्डमध्ये राहतो. ह्यात लबाडीच असते असं नाही. अंदाज चुकतात. आपलेही चुकतात.

असो. ह्या लोकांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. २०११ मध्ये ह्या डेव्हलपर्सच्या घरी चोरी झाली. दोन लॅपटॉप गेले आणि बॅकअप न घेतलेला कितीतरी ताजा कोड त्यांच्याबरोबर गेला. लोकांनी आधी पैसे भरलेले, त्यामुळे शिव्या पडल्या. (बॅकअप नव्हता ह्याबद्दल मीही दोन घातल्या असत्या.) पण ते पळून गेले नाहीत. परत लिहायला बसले.

सगळेच असं करत नाहीत. 'द डे बिफोर' आठवतोय? झोंबींचा हा गेम स्टीमवर लाखो लोकांनी आपल्या यादीत टाकून ठेवला होता. ७ डिसेंबर २०२३ ला अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, आणि चार दिवसांत 'फँटास्टिक' ह्या कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जानेवारीत सर्व्हर बंद. ट्रेलर मात्र झकास होता. सॅम्पल फ्लॅट! उलट 'डे-झी'ला पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली, २०१३ ते २०१८. 'सेव्हन डेज टू डाय' ने तर डिसेंबर २०१३ ते जुलै २०२४ घेतली, पण पोचला. आणि सगळेच आधी अर्धवट विकत नाहीत. आपल्या पुण्यातल्याच 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे मागितले, ठरवलेली रक्कम जमली नाही, तरी २०२० मध्ये पुरा गेम बाजारात आणला.

घराच्या बाबतीत आपल्याकडे २०१७ पासून महारेरा आहे. ग्राहकाच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, काम कुठवर आलं ते दर तिमाहीला वेबसाईटवर टाकायचं, उशीर झाला तर व्याज. गेमला असं काही नाही. स्टीम पैसे परत देतं, पण खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तरच. २०२५ पासून ज्या गेमला बरेच महिने अपडेट नाही त्याच्या पानावर तशी सूचना दिसते, एवढंच. आणि मुळात स्टीम स्वतःच तिथे लिहून ठेवतं की आज आहे तसा गेम आवडत नसेल तर थांबा.

हेच एक वाक्य मी त्या पोराला सांगितलं. रोडमॅपची किंमत शून्य धरायची. आज जे हातात येतंय त्याला तेवढे पैसे योग्य वाटतात का, एवढंच बघायचं. झॉम्बॉइड ह्या परीक्षेत आरामात पास होतो, कारण त्याला शेवट नाहीच, त्यामुळे तो अर्धा असूनही अधुरा वाटत नाही. पण जिवंत माणसांसाठी घेणार असशील तर घेऊ नकोस.

एवढं सांगून मी उठलो खरा, पण मनात काहीतरी खटकत राहिलं. कारण मी स्वतः हा नियम पाळला असता तर एक गोष्ट हुकली असती. जानेवारी २०२२. बिल्ड ४१ चं नवं मल्टिप्लेअर नुकतंच आलेलं, आणि हॉस्टेलचे आम्ही चौघं, एक टोरांटोत, एक बंगळुरात, दोघं पुण्यात, दर शनिवारी रात्री एका गोदामात राहायला लागलो. लग्नं, पोरं, हप्ते ह्यात दोन-दोन वर्षं धड बोललो नव्हतो. एका रात्री टोरांटोवाल्याला झोंबी चावला. त्याने बॅग उतरवून जमिनीवर ठेवली, "औषधं वरच्या कप्प्यात आहेत रे" म्हणाला, आणि एकटा रस्त्याने चालत गेला. कुणी काही बोललं नाही. मग त्याने हळूच सांगितलं की तिकडे त्याची नोकरी गेलीये, महिना झाला. हे काही २०१६ मध्ये माझ्या हातात आलं नव्हतं. उशिरा आलं, पण आलं.

म्हणून आपल्या धंद्याकडे वेगळ्या नजरेने बघावंसं वाटलं. गेल्या आठवड्यात क्लायंटच्या कॉलवर मीच म्हणालो होतो, "हे फीचर पुढच्या रिलीजमध्ये नक्की." कोड एक ओळ लिहिलेला नाही. समोरचा माणूस त्या 'नक्की' वर त्याच्या साहेबाला काहीतरी सांगून बसला असेल. बिल्डरवर मी पाच वर्षं चिडलो ते उशिरासाठी नव्हतं, विचारलं की दर वेळी "पुढच्या दिवाळीला नक्की" म्हणायचा त्यासाठी होतं. उशीर माफ करता येतो, खोटी तारीख नाही.

तर सोमवारी पहिलं काम, त्या स्लाईडवरची तारीख काढून मेल टाकायची. बोलणी बसतील, बसू देत.

चला, टँकर आला वाटतं. बादल्या भरतो.