स्वस्त घर आणि महाग घरपट्टी

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण सहसा आपल्या शाखेतील विषय निवडतो. या वर्षी मात्र मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. ही चूक औषधोपचारातली नव्हे, सल्ल्यातली आहे.

माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे काम करणाऱ्या सिस्टरनी बीदर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी घर घ्यायचे ठरविले. "डॉक्टरसाहेब, एकदा पाहून सांगा," असे त्या म्हणाल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. भिंती पक्क्या होत्या, स्लॅब गळत नव्हता, बोअरला पाणी होते, आणि किंमत शेजारच्या वस्तीपेक्षा बरीच कमी होती. मी म्हणालो, "सिस्टर, विचार करू नका, घ्या." त्यांनी घेतले. पुढे २०२५ मध्ये खाते करून घेण्याची वेळ आली तेव्हा मागील मालकाची अनेक वर्षांची थकलेली घरपट्टी, तिच्यावरील दंड आणि अनधिकृत वसाहतीतील मालमत्ता म्हणून दुप्पट कर, असा एकत्रित आकडा समोर आला. त्यांच्या दोन महिन्यांच्या पगाराहून तो अधिक होता. कचेरीचे काही चुकले नव्हते. हिशेब कायद्याप्रमाणेच होता. चुकलो होतो मी. घर इतके स्वस्त का, हा साधा प्रश्न मी विचारलाच नाही.

स्वस्तात घेतलेल्या घराची घरपट्टीही थोडीच असेल, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. आपण विक्रेत्याशी घासाघीस करून जी किंमत ठरवितो, तिच्याशी घरपट्टीचा संबंध नसतो. कर्नाटकात २०२१ च्या दुरुस्तीनंतर नागरी भागातील घरपट्टी शासनाने ठरविलेल्या गाइडन्स व्हॅल्यूच्या २५ टक्के मूल्यावर आकारली जाते. राहत्या घरासाठी त्या मूल्याच्या ०.२ ते १.५ टक्के आणि व्यापारी वापरासाठी ०.५ ते ३ टक्के या मर्यादेत स्थानिक संस्था दर ठरवितात. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर गाइडन्स व्हॅल्यू वाढविली गेली. म्हणजे विक्रेत्याने गरजेपोटी घर सात लाखांना दिले, पण सरकारी मूल्य बारा लाख असले, तर आकारणी बारा लाखांच्या चौथ्या हिश्शावर, म्हणजे तीन लाखांवर होते. एक टक्का दर धरला तर मूळ कर ३००० रुपये. त्यावर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षा प्रतिबंधक उपकर ३ टक्के, असे आणखी ७२० रुपये चढतात. यातील पहिला उपकर आपल्याच क्षेत्राच्या नावाने घेतला जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

एवढी रक्कम डॉक्टरला जड नाही, हे खरे. परंतु थकबाकीवर दरमहा शेकडा दोन या दराने दंड चढतो. आपल्या भागातील सावकारीचा हा ओळखीचा दर आहे. पन्नास महिन्यांत दंड मुद्दलाची बरोबरी करतो. आणि ही थकबाकी माणसावर नसून मालमत्तेवर असते. कायद्याने तो मालमत्तेवरील पहिला बोजा आहे. मालक बदलला तरी बोजा घराबरोबरच जातो. आपण मोठ्या विश्वासाने सब-रजिस्ट्रार कचेरीतून बोजा दाखला, म्हणजेच ईसी, काढतो. पण त्यात नोंदणीकृत व्यवहारच दिसतात. घरपट्टीची थकबाकी त्यात दिसत नाही.

दुप्पट कराचे कारणही समजून घेतले पाहिजे. शेतजमिनीचे रीतसर बिगरशेती रूपांतर न करता, लेआउटची मंजुरी न घेता पाडलेले प्लॉट स्वस्त मिळतात. अशा मालमत्तांना 'ब' खाते देण्याची मोहीम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरबाहेरील नागरी संस्थांसाठी सुरू केली. पहिल्या वेळी दुप्पट कर, नंतर नेहमीचा कर, अशी तिची अट. 'ब' खाते मिळाले म्हणून वसाहत अधिकृत ठरत नाही, हेही ध्यानात असावे.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, म्हणून शाळा आणि स्थानिक कारभार यांचा मोठा भार घरांवरील करावर पडतो. तेथे घर पाहणारा माणूस किंमत आणि वार्षिक कर एकाच वेळी विचारतो. कारण कर जड असला की किंमत आपोआप उतरते. आपल्याकडेही तेच घडते. स्वस्ताईचा एक भाग म्हणजे पुढे भरावयाच्या रकमेची विक्रेत्याने दिलेली सूट असते. फक्त ती कोणी बोलून दाखवीत नाही.

म्हणून माझे मत असे की घरपट्टी जास्त आहे अशी तक्रार करण्यापूर्वी ती खरेदीआधी विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. चालू वर्षाची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. शहरात ई-खाते 'अ' आहे की 'ब', खेड्यात ई-स्वत्तूचा नमुना ९ व ११ आहे की नाही, ते तपासावे. खात्यावर बांधकामाचे क्षेत्र, वय आणि वापर बरोबर नोंदला आहे काय, हे पाहावे. जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. वय चुकीचे लागले तर कर वाढतो. आणि ज्यांचा दवाखाना घराच्या ओसरीत आहे, त्यांनी तो भाग 'राहता' म्हणून दाखविला असेल, तर आधी आपलेच घर तपासावे.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निजामाच्या काळात महसुली कागद उर्दूत होते, १९५६ नंतर ते कन्नडमध्ये आले, आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील मराठी वाचणाऱ्या वडीलधाऱ्यांना करपत्रक वाचता येत नाही. न वाचता सही करणे हा सर्वांत महाग व्यवहार आहे. कन्नड उत्तम वाचणारे डॉक्टर आपल्या संस्थेत पुष्कळ आहेत. एप्रिलमध्ये कर भरल्यास ५ टक्के सवलत मिळते. त्या आधी, मार्चच्या एखाद्या रविवारी, करसल्लागाराला बोलावून आपल्या परिचारिका, कंपाउंडर आणि वस्तीतील लोकांची करपत्रके आपण वाचून दिली, तर ते आरोग्य शिबिराइतकेच उपयोगी काम होईल.

सिस्टरची थकबाकी आम्ही दोघांनी मिळून भरली. त्या नको म्हणत होत्या, मी म्हणालो, "सल्ला माझा होता." घर आता त्यांच्या नावावर आहे, 'ब' खात्यावर का होईना. या एप्रिलची पावती त्यांनी मला आणून दाखविली, तेव्हा मी ती प्रथमच अखेरच्या ओळीपर्यंत वाचली.