आत्याचा फोटो

दिवाळी आली की आमच्या नगरच्या घरी (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, आत्याच्या तोंडी अजून नगरच) दोन गोष्टी नेमाने येतात. एक, संगमनेरहून आत्या. आणि दुसरी, तिच्या पिशवीतले अनारशांचे पीठ. यंदा तिने चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता तिसरीच गोष्ट काढली.

"अरे, माझा एक धड फोटो काढून ठेव. ह्यांच्यासारखी फजिती नको व्हायला."

घर एकदम गप्प झाले. फजितीची हकिगत अशी, की आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेले तेव्हा तेराव्याला ठेवायला त्यांचा फोटो सापडेना. लग्नाकार्यांतल्या घोळक्यात ते होते, पण नेहमी कुणाच्या तरी पाठीमागे. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा चिटुकला फोटो मोठा करून घेतला. त्याच्या खांद्यावर रबरी शिक्का उमटला होता. तो झाकायला कारागिराने मामांच्या अंगावर काळा कोट चढवला. जन्मभर सदऱ्यावर उपरणे घेणारा तो शेतकरी माणूस तेव्हापासून भिंतीवरून वकिलासारखा पाहतो आहे!

सावेडीचा पुतण्या उत्साही. संध्याकाळी तो रिंगलाइट घेऊन आला. रिंगलाइट म्हणजे तिवईवर बसवलेली विजेची मोठी बांगडीच. ती त्याने आत्याच्या तोंडासमोर उभी केली, बांगडीच्या मधोमध मोबाइल अडकवला आणि "आजी, स्माइल!" म्हणून ओरडला. आत्याने ओठ घट्ट मिटले. फोटोत तिच्या सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या गेल्या होत्या आणि चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक पांढरी बांगडी उमटली होती.

"ही मी नव्हे," आत्या म्हणाली, आणि उठलीच.

पुतण्याला बोल लावण्यात अर्थ नाही. चेहऱ्याचा उंचसखलपणा डोळ्यांना कळतो तो सावलीमुळे. उजेड नाकासमोरून आला की सावली नाकामागेच लपते आणि चेहरा परातीसारखा सपाट होतो. तोच उजेड बाजूने व थोडा वरून येऊ द्या. गालाचे हाड, कपाळावरची रेघ, सगळे जागच्या जागी उभे राहते. विजेचे दिवे येण्यापूर्वीच्या छायाचित्रकारांना हे पक्के ठाऊक होते. ते स्टुडिओच्या छताला आणि उत्तरेच्या अंगाला काचा बसवीत, म्हणजे ऊन आत न येता नुसता आभाळाचा उजेड मिळे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्या काळी काच इतकी मंद, की बसणाऱ्याला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे, आणि डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. आपले पूर्वज फोटोत रागावलेले दिसतात, त्याचे निम्मे श्रेय या टेकूला द्यायला हरकत नाही.

आमच्या वाड्याला तसला स्टुडिओ बांधणाऱ्याने फुकट देऊन ठेवला आहे. चौकाच्या दक्षिणेची ओसरी उत्तरेकडे तोंड करून आहे. दिवाळीत सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे तिथे ऊन येत नाही. उजेड मात्र भरपूर. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आत्याला तिथे बसवली. पाठ भिंतीला नव्हे! भिंतीपासून चार-पाच फूट पुढे, नाहीतर आमच्या हिरव्या डिस्टेंपरची झाक केसांवर येते. ट्यूबलाइट बंद केली, कारण तिचा रंग वेगळा आणि दिवसाचा वेगळा. दोन्ही एका गालावर भांडतात. स्टूल असे फिरवले, की चौक तिच्या डाव्या हाताला, जरा पुढे यावा. उजवा गाल फारच काळवंडला, तेव्हा त्या बाजूला खुर्चीवर वडिलांचे धुतलेले धोतर पसरले. तेवढ्याने सावली निवळली. ज्यांच्याकडे चौक नाही, त्यांनी खिडकी धरावी. मात्र खिडकी लहान असेल, तर माणूस दोन हातांवरून चार हातांवर नेताच उजेड निम्मा नव्हे, जवळजवळ चौथाई होतो, हे ध्यानात असू द्यावे.

चष्म्याने पुन्हा छळले. त्याच्या दांड्या कानांवरून किंचित वर उचलल्या, काचा खाली झुकल्या आणि चमक गेली. मोबाइल जवळ नेला की नाक मोठे येते. म्हणून सहा-सात फूट मागे सरून दुप्पट मोठे दाखवणारे भिंग वापरले. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढला, नाहीतर पांढऱ्या केसांचा नुसता कापूस होतो.

एवढे झाले तरी आत्या दगडासारखीच. हैदराबादेस लाला दीनदयाळांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला, तिथे फोटो काढायला बाईच नेमली होती. मला ते आठवले. मोबाइल सौभाग्यवतीच्या हाती दिला आणि मी बाजूला झालो.

"आत्याबाई, यंदा अनारसे तुपात का हो हसले?" तिने विचारले.

"हसतील नाहीतर काय! तांदूळ तीन दिवस भिजवलेस का? रोज पाणी बदललेस?" आत्या तावातावाने पुढे झुकली, हात उचलला, डोळे चमकले. सौभाग्यवतीने सात-आठ फोटो काढून घेतले, आत्याला पत्ताही नाही.

त्यांतला हात उचललेलाच तिने निवडला. "ह्यांना अशीच ठाऊक होते मी," एवढेच म्हणाली. मोठी प्रत चौकटीत बसवून आणली, पण भिंतीवर लावू देईना. जिवंतपणी मामांशेजारी लटकायचे नाही म्हणते. पेपरात गुंडाळून, पैठणीच्या घडीखाली ठेवून, ट्रंकेतून संगमनेरला घेऊन गेली. जाताना पुतण्याला मात्र सांगून गेली, की पुढच्या भाऊबीजेला धोतर पसरून वडिलांना बसवायचे.